प्रश्न कोणाला विचारावा?

काही वर्षांपूर्वी पनवेलमधील आमच्या घरी एक सर्वेक्षक आले. दीर्घकालीन शुश्रूषेच्या गरजा नोंदविणे हे त्यांचे काम होते. मी चाकाच्या खुर्चीत समोरच बसलो होतो; प्रश्न मात्र ते वहिनींना विचारत होते. ‘यांना आंघोळीसाठी किती मदत लागते?’ वहिनींनी प्रामाणिकपणे उत्तर दिले : अर्धा तास.

मला विचारले असते, तर मी सांगितले असते की, त्या अर्ध्या तासासाठी मला रोज दुपारपर्यंत थांबावे लागते. म्हणून सकाळची नोकरी मला धरता येत नाही. घरासाठी राबणाऱ्या वहिनींपुढे हे मी कधी बोललो नव्हतो. तक्त्यात अर्धा तास आला. वाट पाहण्यात गेलेली सकाळ आली नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिव्यांगांवरील संशोधनास पूर्वपरवानगी देणाऱ्या समितीत किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा संबंधित नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही धोरण ठरविताना दिव्यांगांशी विचारविनिमय करण्यास सांगतो. परंतु परवानगी हा केवळ उंबरठा होय. कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवितानाही आमचा सहभाग हवा. उद्या तुमच्या हाती अशी प्रश्नावली आली, तर पहिला प्रश्न खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा.