सोमवार : विश्रांती

तीस आठवड्यांच्या सरावाचा तक्ता छापून आणून मी फ्रिजच्या दारावर चिकटवला, तो जूनचा दुसरा आठवडा होता. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन, पूर्ण अंतर, ४२.१९५ किलोमीटर. मंगळवारी पाच, बुधवारी आठ, शुक्रवारी सहा, रविवारी लांब पल्ला. आणि प्रत्येक आठवड्याच्या सुरुवातीला एकच ओळ, सोमवार : विश्रांती. माझं सगळं लक्ष रविवारच्या आकड्यांवर होतं. सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि बोट ठेवलं ते सोमवारवर. "हे बरं आहे गं," म्हणाल्या, "आमच्या वेळी असा वार नव्हता."

तसा तो माझ्याही वेळी नव्हता. मी सत्तेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी, राहायला ठाण्यात नौपाड्यात. लग्नाला तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत आजारपण सोडून भरदिवसा आडवी पडल्याचं मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी एक अर्धमॅरेथॉन पळाले होते आणि तेव्हापासून पूर्ण अंतराची ओढ लागली होती. अर्ध्याच्या दुप्पट म्हणजे पूर्ण, एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात होता.

हिशोब तसा नसतो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो साधारण अठराशे ते दोन हजार कॅलरींचा. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी खर्च होते. माझं वजन साठ किलो, म्हणजे बेचाळीस किलोमीटरला अडीच हजारांच्या वर. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे कुठेतरी पोतडी रिकामी होते आणि पाय जागच्या जागी रुततात. पळणारे लोक त्याला भिंत म्हणतात. रविवारच्या लांब पल्ल्याचा हेतू हाच, की शरीराला चरबी जाळायची सवय लागावी आणि साखर पुरवून वापरता यावी. त्यासाठी हळू पळावं लागतं, इतकं हळू की शेजारच्या मैत्रिणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. मला हे हळू पळणं सगळ्यात जड गेलं. सकाळी साडेचारला उठून, डबे करून, सातच्या आत परत यायचं असेल तर माणूस हळू कसं पळणार? माझं सारं आयुष्य घाईच्या वेगात बसवलेलं होतं, आणि हा तक्ता मला सांगत होता की आठवड्यातले तीन दिवस घाई करायची नाही.

जुलैत धाप लागायला लागली. पाच किलोमीटरलाच छाती भरून यायची, जिना चढताना मांड्या थरथरायच्या. वाटलं, वय झालं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहा-कॉफीबरोबर घेऊ नका म्हणून बजावलं, आणि विचारलं, "किती दिवसांपासून दमताय?" मला उत्तर देता आलं नाही. दमणं हेच रोजचं असेल तर ते सुरू कधी झालं हे कसं सांगायचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना पंडुरोग आढळला होता. त्यातली एक मी, आणि मॅरेथॉनचं वेड डोक्यात शिरलं नसतं तर मला ते कळलंही नसतं. पळणं सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईने आधी रक्त तपासून घ्यावं असं मी आता भेटेल तिला सांगते.

त्या दिवसांत मी पळण्याबद्दल बरंच वाचत होते. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर पडल्या, त्याच्या तिखटमीठ लावलेल्या बातम्या छापून आल्या, आणि बायकांना हे अंतर झेपत नाही असं ठरवून ती शर्यतच बंद केली. पुन्हा सुरू झाली ती १९६० मध्ये. दमून कोसळणारे पुरुष प्रत्येक ऑलिंपिकमध्ये असत, त्यांच्या शर्यती कुणी बंद केल्या नाहीत. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. हे वाचून मला राग आला, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मैदानावर दमलेली बाई दिसली म्हणून जगाने नियम बदलला. घरात दमलेली बाई मात्र कुणाला दिसत नाही. ती स्वतःलाही दिसत नाही.

ऑगस्टपासून गोळ्यांचा गुण यायला लागला आणि मग आला तो सगळा काळ सुखाचा होता. रविवारी पहाटे आम्ही पाच-सहा जणी उपवन तलावाशी जमायचो आणि येऊरचा चढ चढायचो. पावसाळ्यात येऊरचा रस्ता म्हणजे हिरवा बोगदा. झाडांवरून थेंब गळत असतात, कडेच्या ओहोळांचा आवाज सोबतीला असतो, ओल्या मातीचा वास श्वासाबरोबर पार आत जातो. वरून वारली बायका डोक्यावर टोपल्या घेऊन उतरत असतात, टाकळा, कुर्डू, कंटोली घेऊन ठाण्याच्या बाजाराकडे. एका वळणावरच्या मोरीवर त्यातली एक हमखास टोपली उतरवून बसलेली दिसे. साठीच्या पुढची असेल. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तिनेच हाक मारली, "बाई, बसा की जरा." मी घड्याळ थांबवलं आणि बसले. ती म्हणाली, चढाला एवढं काही नाही, उताराला जपायचं, गुडघे उतारावर जातात. "मी तर उतरताना तीनदा बसते."

नंतर फिजिओने मला तेच शास्त्राच्या भाषेत समजावलं. चढताना स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, आणि स्नायूंचे धागे जास्त तुटतात ते तेव्हा. तुटलेले धागे विश्रांतीत सांधले जातात आणि सांधताना आधीपेक्षा बळकट होतात. म्हणजे पळताना आपण बळकट होत नसतोच. पळताना आपण फक्त मोडत असतो, घडतो ते झोपेत. डोक्यावर पंधरा-वीस किलो घेऊन रोज तो उतार उतरणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या गुडघ्यांनी शिकवलं होतं.

मी मात्र तिचं ऐकूनही ऐकलं नाही. सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी चोवीस किलोमीटर झाले, तेही हसतखेळत. त्या रात्री मला आनंदाने झोप लागेना. सोमवारी पहाटे आपोआप जाग आली, पाय हलके वाटत होते, आणि तक्त्याकडे न बघता मी बाहेर पडले. आठ किलोमीटर, तेही जोरात. पुढच्या सोमवारीही तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली.

प्लांटर फॅसिआयटिस. तळपायाखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जो चिवट पट्टा असतो, तो दुखावलेला. फिजिओने एक गोष्ट सांगितली ती मी कधी विसरणार नाही. हृदय आणि फुप्फुसं सरावाला लवकर दाद देतात, काही आठवड्यांतच दम वाढतो. स्नायुबंध आणि असे पट्टे यांना रक्तपुरवठा कमी, त्यांना बळ यायला महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक फसवी वेळ येते. छाती म्हणते अजून पळ, पाय अजून तयार नसतात, आणि नवखी माणसं नेमकी तिथेच जायबंदी होतात. मला पाच आठवडे पळणं बंद.

ते पाच आठवडे वाईट होते. नवरात्र आलं, गेलं. मी जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभी राहून टाचा खाली सोडायचे आणि वर उचलायचे, फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवायचे, संध्याकाळी तरणतलावात छातीभर पाण्यात चालायचे. मैत्रिणी रविवारी सव्वीस पळाल्याचं कळलं की पोटात तुटायचं. चांगल्या मैत्रिणींचा हेवा वाटणं ही फार एकटं करणारी गोष्ट आहे. नवरा एकदा म्हणाला, "नसेल जमत तर पुढच्या वर्षी बघू गं," आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले की मुलगा खोलीतून बाहेर आला. तो प्रेमानेच बोलला होता. मला ऐकू आलं ते एवढंच, की माझी गोष्ट नेहमीच पुढे ढकलता येण्यासारखी असते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सोमवार होता. सकाळी नेहमीप्रमाणे ओट्याशी गेले तर सासूबाई आधीच उभ्या, गॅसवर आधण ठेवलेलं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, सांधे दुखतात, सकाळी त्या सहसा लवकर उठत नाहीत. "आई, तुम्ही कशाला?" तर त्यांनी फ्रिजकडे हात केला. "तिथे लिहिलंय ना. विश्रांती. पळत नसलीस म्हणून वार बदलतो का?" मग आम्ही दोघी खिडकीशी बसून चहा प्यायलो. त्या बोलत राहिल्या. गिरगावातल्या चाळीत दोन दिरांचं, चार मुलांचं करताना रात्री अकराला पाठ टेकायची, आणि पाठ टेकताना वाटायचं कुणी बघत तर नाही ना. विश्रांती घेताना चोरी केल्यासारखं वाटणं, हे मी ओळखलं. ते माझंच होतं, त्यांच्याकडून माझ्याकडे आलेलं. त्या सकाळी मी दुपारपर्यंतची रजा टाकली आणि त्या चहानंतर पुन्हा झोपले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा दार उघडं ठेवून.

नोव्हेंबरात पुन्हा पळायला लागले, एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं असं. तोवर पाऊस संपून हवा बिघडली होती. घोडबंदर रस्त्याकडची धूळ घशात बसायची. आपल्या शहरांत पळणाऱ्याला धड पदपथ नाही आणि हिवाळ्यात धड श्वास नाही, ही काही किरकोळ तक्रार नव्हे. त्याच हवेत मुलं शाळेत जातात. डिसेंबरच्या मध्यावर बत्तीस किलोमीटरचा सर्वांत लांब पल्ला होता. तीन हात नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेकडेने घाटकोपरकडे आणि परत. परतताना ऐरोली जंक्शनजवळ, सत्तावीस किलोमीटरवर, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. मी कठड्यावर बसले आणि नवऱ्याला फोन केला. तो स्कूटर घेऊन आला, बरोबर मीठ-साखरेचं पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू. काही बोलला नाही. स्कूटरवर मागे बसून मी त्याच्या पाठीला डोकं टेकवलं.

राहिलेले पाच किलोमीटर दुसऱ्या दिवशी भरून काढावेत असं फार वाटलं. दुसरा दिवस सोमवार होता. मी पळाले नाही. शेवटचे तीन आठवडे सराव उतरता ठेवायचा असतो, तोही मी उतरताच ठेवला.

जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटेच्या काळोखात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसांत मी उभी होते. पहिल्या किलोमीटरपासून नऊ मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं, हे ठरवून आले होते आणि मोडलं नाही. सी लिंकवर पोचेपर्यंत उजाडत होतं, खाली समुद्र शिशासारखा करडा. परतीच्या वाटेवर लोक संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ हातावर ठेवत होते. एका आजीबाईंनी खुर्चीत बसल्याबसल्या माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तेहतिसाव्या किलोमीटरला भिंत आलीच. पेडर रोडचा चढ मी सगळा चालत चढले. उतारावर मला येऊरच्या मोरीवरची ती बाई आठवली आणि पाय जपून टाकत उतरले. पाच तास बावन्न मिनिटं.

नंतर मैदानात गवतावर आडवी पडले. आजूबाजूला शेकडो बायका-पुरुष तसेच पसरले होते, गळ्यात पदकं, पाय वर केलेले, डोळे मिटलेले. कितीतरी वेळ मी तशीच पडून होते आणि उठायची घाई नव्हती.

तक्ता अजून फ्रिजवर आहे. आठवडे संपले, रविवारचे आकडे खोडून झाले. सोमवारचा पहिला चहा अजूनही आईच टाकतात, आणि त्यांच्यासाठी आम्ही तक्त्यात गुरुवार वाढवला आहे.