रकाना ‘इतर’

2025 च्या मे महिन्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकाच बातमीची चर्चा होती. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपातून 1898 साली विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने उत्खनन करून काढलेली, भगवान बुद्धांच्या अस्थिधातूंसोबत अर्पण केलेली काही रत्ने हाँगकाँग येथे लिलावात विकली जाणार होती. भारताच्या सांस्कृतिक मंत्रालयाने कायदेशीर नोटीस बजावली; 7 मे रोजी होणारा लिलाव थांबला. पुढे एका भारतीय उद्योगसमूहाने ती रत्ने विकत घेतली आणि जुलैच्या अखेरीस ती मायदेशी पोहोचली. येथे इंग्लंडमध्ये, विहारातील रविवारच्या वंदनेनंतर, आम्ही सर्वांनी त्या वार्तेचा आनंद मनोमन अनुभवला.

आनंद ओसरल्यावर मात्र एक विचार मनात रेंगाळत राहिला. लिलावाच्या सूचीत जी वस्तू ‘रत्ने’ होती, तिला मंत्रालयाने अस्थिधातूंपासून वेगळे न करता येणारा पवित्र वारसा मानले. वस्तू तीच राहिली. तिची व्याख्या बदलली आणि व्याख्येबरोबर तिचे भवितव्यही बदलले. राष्ट्राच्या वतीने अशी व्याख्या करण्याचा अधिकार कोणाच्या टेबलावर असतो?

मंत्री निवडणुकांबरोबर येतात आणि जातात. मंत्रालयाचा प्रशासकीय प्रमुख असतो तो सचिव. बहुधा भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ अधिकारी. 1861 साली स्थापन झालेले पुरातत्त्व सर्वेक्षण, राष्ट्रीय अभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय या संस्था याच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या अकादमी स्वायत्त असल्या तरी त्यांच्या अनुदानाचा मार्ग येथूनच जातो. देशात सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे आहेत. त्यांतील एक आपल्या नागपुरात आहे. महोत्सवांचे दीपप्रज्वलन हा या पदाचा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग म्हणजे नियम, निकष, अर्जाचे नमुने आणि त्यांतील रकाने.

आम्ही व्यवसायाने संगणक अभियंते. माहितीचा साठा रचताना तक्त्यात कोणते रकाने ठेवायचे हे प्रथम ठरते आणि पुढील सर्व प्रश्न त्या चौकटीतच विचारता येतात, हे आमच्या रोजच्या अनुभवातील आहे. ज्याला रकाना नाही त्याची मोजदाद होत नाही. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी निधीची मागणीही होत नाही. एका शब्दाचे मोल बाबासाहेबांच्या अनुयायांना तर वेगळे सांगायला नकोच. महाडचे चवदार तळे ‘सार्वजनिक’ की ‘खासगी’, या एका विशेषणावर 1927 साली सुरू झालेला दावा उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पोहोचायला 1937 साल उजाडले. लंडनमधील 10, किंग हेन्रीज रोड या वास्तूचा वादही शब्दाचाच होता. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ती विकत घेऊन तेथे बाबासाहेबांचे स्मारक केले. स्थानिक परिषदेच्या दप्तरी मात्र ती ‘निवासी’ होती आणि ‘संग्रहालय’ म्हणून तिच्या वापरास परवानगी नाकारली गेली. ब्रिटिश मंत्र्यांनी मार्च 2020 मध्ये अपील मान्य केले, तेव्हा कोठे तो प्रश्न सुटला.

आता आपल्या देशातील दोन व्याख्या पाहू. 1958 च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किंवा स्थळ किमान 100 वर्षे अस्तित्वात असावे लागते. या हिशेबाने 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेस शंभर वर्षे पूर्ण होतील ती 2056 साली. दुसरी व्याख्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यातील. तेथे हस्तलिखित अथवा दस्तऐवजासाठी 75 वर्षांची अट आहे आणि त्याला वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यविषयक मूल्य असावे अशीही अपेक्षा आहे. वर्षे कोणालाही मोजता येतात. मूल्य कोणीतरी ठरवावे लागते.

या व्याख्या आमच्या घरात एका वहीच्या रूपाने शिरल्या. आमचे आजोबा भंडारा जिल्ह्यातील एका जलशात गात असत. शाळकरी आकाराच्या, शिवण उसवलेल्या त्या वहीत त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी रचलेली गाणी आहेत. पहिली पाने 1952 च्या निवडणुकीची. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हत्तीच्या पेटीत मत टाकण्याचे आवाहन करणारी. मधली 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीची, जिच्यात बाबासाहेब स्वतः उभे होते आणि पराभूत झाले. अखेरची 1956 च्या ऑक्टोबरातील. नागपूरला निघालेल्या बायाबापड्यांच्या वाटचालीची. कायद्याने पाहू जाता, याच वहीची पहिली पाने 2027 साली हस्तलिखिताच्या वयात येतील आणि शेवटची 2031 साली.

ही वही आमच्या आत्यांनी पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपली. हस्तलिखितांची नोंदणी सुरू असल्याचे कळल्यावर आमचे चुलत बंधू ती घेऊन एका कार्यालयात गेले. तेथील कर्मचारी सौजन्याने वागले. त्यांनी वहीचे वय कमी भरते हे सांगितले, तरीही नोंद घेण्याची तयारी दाखवली. अर्जात ‘विषय’ असा रकाना होता. पर्याय होते वेदान्त, ज्योतिष, वैद्यक, व्याकरण, स्तोत्र आणि अखेरीस ‘इतर’. वहीची नोंद ‘इतर’मध्ये झाली. कोणत्या प्रसंगी गायिले, कोणी गायिले, कोणत्या गावी गायिले, हे विचारणारा रकानाच नव्हता. बंधूंनी दूरध्वनीवरून हे सांगितले तेव्हा आत्या एवढेच म्हणाल्या, “बाबू, आमचं सारं आयुष्य त्याच खान्यात गेलं.”

त्या कर्मचाऱ्याचा यात दोष नाही. नमुना त्याच्यापर्यंत वरून आलेला. वरच्या अधिकाऱ्याच्याही मर्यादा आहेत: सचिवाची बदली केव्हाही होऊ शकते, निधी अपुरा असतो आणि वयाची अट जुन्या वस्तूंच्या रक्षणासाठीच घातलेली आहे. तथापि कोणता रकाना असावा, हे ठरवणारा हातही एखाद्या माणसाचाच असतो आणि त्या माणसाने काय पाहिले आहे यावर बरेच अवलंबून राहते.

याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे प्रसिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले, तेव्हा विशेष कार्य अधिकारी आणि संपादक म्हणून ती धुरा वसंत मून यांनी वाहिली. पहिला खंड 1979 साली आला. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या त्या शासकीय अधिकाऱ्याला पेट्यांत पडून राहिलेल्या कागदांचे मोल ठाऊक होते. आज जगभरातील विद्यापीठांत बाबासाहेब ज्या खंडांतून वाचले जातात, ते सरकारी टेबलावरूनच गेले आहेत. खुर्ची तीच असते. तीत बसणाऱ्याची नजर निराळी असू शकते.

आम्हां परदेशस्थांची मुले अभियंते आणि वैद्यक होत आहेत, याचा अभिमान आहेच. त्यांच्यापैकी काहींनी अभिलेखशास्त्र, संग्रहालयशास्त्र, पुरातत्त्व शिकावे आणि भारतातील आपल्या भाचे-पुतण्यांनी प्रशासन सेवेत जाताना सांस्कृतिक खात्याकडे दुय्यम म्हणून पाहू नये, अशी आमची प्रामाणिक इच्छा आहे. तोवर प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगे काम हाताशी आहे. घरातील वही, पत्रिका, सभेचे हस्तपत्रक, दीक्षेच्या वेळचे छायाचित्र यांच्या सुस्पष्ट प्रती काढाव्यात. वडीलधारी माणसे आहेत तोवर गायकाचे नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहून घ्यावा. आणि अशा दहा-वीस नोंदी जमल्या की त्या सोबत जोडून सांस्कृतिक मंत्रालयाच्या सचिवांना सविनय पत्र लिहावे: विषयांच्या यादीत ‘आंबेडकरी जलसा व लोकगीते’ हा रकाना समाविष्ट करावा.

आमच्या आजोबांच्या वहीची प्रत काढून झाली आहे. तीन गाण्यांचे कर्ते अद्याप उमगलेले नाहीत. आत्या चाल गुणगुणून आठवण्याचा यत्न करीत आहेत. पत्राचा मसुदा तयार आहे आणि विहारातील पुढच्या बैठकीत तो वाचला जाईल. ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनी ती घेऊन यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!