आईच्या हिशेबाच्या वह्या

आमच्या आईचे दिवसकार्य आटोपले, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि शिरूरच्या घरातील माळ्यावरची पत्र्याची पेटी आम्ही भावंडांनी खाली उतरविली. पेटीस कुलूप नव्हते. आत दरसाल एक याप्रमाणे रचून ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या होत्या. वाणी, दूध, दळण, मुलांच्या फिया, लेकीसुनांचे खण, सासूबाईंचे औषध. पन्नासांहून अधिक वर्षांचा संसार त्यांत पैपैशाने मांडलेला. परंतु आम्ही रकमा वाचीत नव्हतो, अक्षर पाहत होतो. आरंभीच्या वह्यांत ते टपोरे व सुटे आहे. २००८ च्या सुमारास ते किंचित आखडते. २०१२ च्या वहीत ओळीचा प्रारंभ नीट वाचता येतो, पण शेवटास मुंग्यांची रांग जावी तसे ते होत जाते. त्यापुढील वह्यांस भिंगच लागते.

"आई, कागद इतका का महागला गं?" असे त्या दिवसांत आम्ही तीस थट्टेने विचारले होते. ती हसली होती. तेव्हा तीस हसता येत असे.

आई दौंडची. तिचे वडील रेल्वेत नोकरीस होते. जुन्या कागदोपत्री ज्यास 'धोंड' म्हणत, ते हे भीमाकाठचे जंक्शन १८७८ साली मनमाडकडील फाटा सुरू झाल्यापासून गाड्यांच्याच घड्याळावर चालत आलेले. पुण्याहून येऊन नगरकडे जावयाच्या गाडीचे इंजिन येथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. तेवढ्या अवकाशात आपली वेणी घालून होई, असे ती सांगे. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून एकेक ढांग टाकीत जाणे हा तिचा आवडता खेळ, आणि त्यापायी खाल्लेला मार ही तिची आवडती गोष्ट. लग्न होऊन ती घोडनदीकाठी शिरूरास आली. येथे एके काळी इंग्रजांची छावणी होती, नगरचा हमरस्ता होता, बाजारपेठ होती. पण रूळ नव्हते, ते आजही नाहीत. शिटीवाचून पहिले वर्षभर आपणास धड झोप आली नाही, एवढीच काय ती सासरविषयीची तक्रार आम्ही तिच्या तोंडून ऐकली.

वास्तविक तक्रारीस जागा पुष्कळ होती. आमची आजी अखेरची सहा वर्षे अंथरुणास खिळलेली होती व तिचे सर्व काही आईनेच केले. पुढे नातवंडांची सुटी म्हणजे शिरूर, हे ठरूनच गेले. मे महिन्यात घर भरे, रांजणगावच्या गणपतीस एक फेरी होई, आणि वर्षाचा गोडा मसाला त्याच दिवसांत होई. दगडफूल तेलात पडले की आई डोळे मिटून उभी राही. तिचे घड्याळ म्हणजे तिचे नाक. एका वर्षी मात्र मसाला करपला. आमटी कडवट झाली. "आईचा हात बदलला," असे आम्ही म्हटले आणि हसलो.

नंतर उजवा खांदा धरला. तो वातावर गेला. शेक, तेल, मालीश सर्व झाले. चालताना तिचा तो हात हलत नाही, अंगाशी चिकटून राहतो, हे रोज पाहूनही आमच्या ध्यानी आले नाही. २०१३ साली बोटे थरथरू लागली, तेव्हा कोठे पुण्यास जाऊन रोगाचे नाव कळले. ज्यास आपण कंपवात म्हणतो व ज्याचे वर्णन जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली केले, तो हा रोग. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी झिजत जातात व शरीराच्या हालचाली घडवून आणणारे द्रव्य आटत जाते. कंप दिसू लागतो तोवर त्यांतील बराच मोठा भाग नष्ट झालेला असतो. वास न येणे, अक्षर बारीक होणे, खांदा आखडणे ही कंपाच्या कित्येक वर्षे आधी येणारी चिन्हे. ही माहिती डॉक्टर शांतपणे देत होते व आम्ही एकमेकांकडे पाहणे टाळीत होतो.

औषध होते व त्याचा गुणही येतो. आयुर्वेदात या विकारावर सांगितलेल्या खाजकुयलीच्या बियांत जे द्रव्य निसर्गतः असते, तेच या गोळ्यांत असते. परंतु गोळी उपाशीपोटी घेऊ नये, या आपल्या पिढीजात समजुतीने आम्ही ती दुधाच्या पेल्याबरोबर देत असू. दोन वर्षे दिली! दुधातील प्रथिने व हे औषध आतड्यांतून एकाच वाटेने रक्तात शिरतात आणि त्या गर्दीत औषध मागे राहते, हे समजल्यावर गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, साध्या पाण्याबरोबर देऊ लागलो. आठवडाभरात आई आपल्या हाताने पोलक्याच्या गुंड्या लावू लागली. ज्यांच्या घरी हे दुखणे असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांस ही एक गोष्ट अवश्य विचारावी.

सर्वांत कठीण गेले ते तिच्या चेहऱ्याचे. या रोगात मुखावरचे स्नायू ताठरतात. मनात जे उमटते ते तोंडावर उमटत नाही. आमचा धाकटा पुतण्या चार वर्षांचा असताना तिच्याजवळ जाईनासा झाला. "आजी माझ्यावर रागावते," तो म्हणे. ज्या बाईने नातवंडांच्या तापात रात्रीच्या रात्री मांडी मोडली नव्हती, तिच्याविषयी हे! आई हे ऐकत होती व तिच्या मुद्रेवर काहीच दिसत नव्हते. त्या रात्री तिची उशी ओली असल्याचे आमच्या वहिनींनी पाहिले.

मार्ग काढला तो थोरल्या नातीने. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी सांगितल्यावरून तिने आजीच्या वहीत काळ्या शाईने ठसठशीत रेघा आखून दिल्या, आणि अक्षर खरोखरच त्या रेघांपर्यंत वाढले. मग तिने तोच उपाय पायांस केला. उंबरठ्यापाशी आले की आईचे पाय जमिनीस खिळत. कितीही धीर द्या, पाऊल उचलत नसे. नातीने माजघरापासून न्हाणीघरापर्यंत ढांगेढांगेवर रांगोळीच्या आडव्या रेघा ओढल्या. (रांगोळीवरून पाय घसरू नये म्हणून पुढे पांढरी चिकटपट्टी लावली.) आई पहिल्या रेघेपाशी थांबली, खाली पाहिले, आणि रेघ ओलांडली. मग दुसरी. मग भराभर. तिचा आवाज तोवर अगदी खोल गेला होता. पण ती जे पुटपुटली ते नातीस ऐकू आले. "अगं, हे तर दौंडचे स्लीपर." धाकट्यास हा खेळ फारच आवडला. आजीच्या मागून एकेक रेघ ओलांडीत तोही तोंडाने झुकझुक करीत जाऊ लागला. तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे त्यास मग कारण उरले नाही.

ही आगगाडी जवळजवळ चार वर्षे चालली. पुढे गिळणे अवघड झाले, अंथरूण आले, आणि २०२२ च्या श्रावणात सर्व संपले.

पेटीतील वह्या आम्ही वर्षांप्रमाणे वाटून घेतल्या. आमच्याकडे २००९ ची आली. तीत वैशाखातील एका पानावर धने, खोबरे, तीळ व दगडफूल यांच्या किमती आहेत, आणि समासात, जेथे ती कधीच काही लिहीत नसे, तेथे दोन ओळी आहेत: 'मसाला भाजताना वास आला नाही. लवंगेचाही नाही.' त्याखाली नेहमीप्रमाणे दुधाचा हिशेब आहे.