मागच्या पायाचा आवाज

“मॅडम, तुम्ही आज्जीची चप्पल काढली का?”

ॲनिमेशन, संकलन आणि ध्वनी एकत्र शिकवणाऱ्या आमच्या तीन महिन्यांच्या पायाभूत वर्गाचा शेवटचा आठवडा होता. मुलांच्या फिल्म एकदा सलग चालवून बघितल्या, दिवे लागले आणि बार्शीकडचा तो मुलगा माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. आवाजात तक्रार नव्हती. घरातली वस्तू जागेवर दिसली नाही की आपण जसं विचारतो, तसं त्यानं विचारलं. मी म्हटलं, “चप्पल आहे की. प्रत्येक पावलाला आहे.” तो म्हणाला, “धप आहे, मॅडम. चट नाहीये.”

गेले दोन महिने मी त्या ‘चट’च्या मागे आहे.

फिल्म अकरा सेकंदांची. आज्जी कळशी घेऊन अंगणातून नळापर्यंत जाते आणि कळशी खाली ठेवते, एवढंच. पेन्सिलीनं कागदावर काढलेली, टूजवर, एक चित्र दोन फ्रेम, म्हणजे १३२ चित्रं. एका पावलाला वीस फ्रेम. धडधाकट माणूस बारा फ्रेममध्ये पाऊल टाकतो. वीस फ्रेम लागतात त्या थकलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला. पण मुलानं तो आकडा पुस्तकातून घेतला नव्हता. दिवाळीत घरी गेला तेव्हा त्यानं अंगणातल्या शहाबादी फरशीवर टॉवेलाची घडी घातली, तिच्यावर फोन ठेवला, आज्जीला रबरी स्लीपर घालून दहा वेळा नळापर्यंत चालायला लावलं आणि मग तो आवाज ऐकत, फ्रेमा मोजत चित्रं काढली. आधी आवाज, मग चित्र. हे मला नंतर कळलं. आधीच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

त्याऐवजी आदल्या रात्री मी एकटीच मुलांचे ट्रॅक ‘साफ’ करायला बसले. त्याच्या ट्रॅकवर आले, फोनवर घेतलेला आवाज आहे एवढं पाहिलं आणि फिल्टर लावून वरचा सगळा भाग कापून टाकला. खरखर ऐकू आली म्हणून नव्हे. फोनचा आवाज म्हणजे वर खरखर असणारच, म्हणून. मग अकराही पावलांचे आवाज सुटे केले आणि प्रत्येक आवाज माझ्या हिशेबानं बसवला: कॉन्टॅक्टच्या चित्रानंतर एक फ्रेम.

ही एक फ्रेम म्हणजे माझी आयुष्यभराची जिद्द आहे. कॉन्टॅक्टच्या चित्रात टाच जमिनीला नुसती टेकलेली असते, अंगाचा भार अजून मागच्या पायावर असतो. भार येतो तो पुढच्या चित्रात, गुडघा वाकतो तिथे. मग आवाज टेकण्याचा द्यायचा की भाराचा? टेकण्यावर दिला तर माणूस पुठ्ठ्याचा वाटतो. भारावर दिला तर पाऊल हलकेच घसरल्यासारखं वाटतं. त्यात टूजवर एकच चित्र दोन फ्रेम उभं असतं, म्हणजे त्या चित्राच्या आतही पहिली की दुसरी हा प्रश्न उरतोच. मी दुसरी धरली आणि ३६ वर्षं सोडली नाही.

मी काम सुरू केलं तेव्हा ध्वनी ३५ मिलिमीटरच्या मॅग्नेटिक पट्टीवर असायचा. एका फ्रेमला चार भोकं. चित्र कापायचं तर पूर्ण फ्रेमवर कापावं लागे, पण आवाज एका भोकानंही सरकवता येई, म्हणजे सेकंदाचा ९६ वा भाग. स्टीनबेकच्या संकलन-टेबलावर पट्टी मागेपुढे करायची, पिवळ्या ग्रीस पेन्सिलीनं खूण करायची, भोक मोजायचं, स्प्लायसर दाबायचा. एका दाराच्या कडीसाठी मी पहाटेपर्यंत भोकं मोजलेली आहेत. आता संगणकात एका फ्रेमचे दोन हजार तुकडे होतात आणि हवा तो तुकडा धरून आवाज हलवता येतो. पण भोकं बोटांना लागायची. किती सरकवलं ते हाताला कळायचं.

माझ्या बरोबरीचा एक ध्वनिसंकलक या एका फ्रेमवरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडत आला. तो आवाज बरोबर टेकण्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, आवाज हवेतून चालत जातो. एका फ्रेमच्या वेळात तो सुमारे चौदा मीटर जातो. मोठ्या थिएटरात शेवटच्या रांगेत बसलेल्याला तुझा आवाज आधीच दोन फ्रेम उशिरा पोचतो, त्यात तू आणखी एक घालतेस. हिशेब बरोबर होता. माझ्याकडे उत्तर म्हणून एक आठवण होती. नदीच्या पैलतीरावर बाई कपडे आपटते, तेव्हा तिचा हात खाली येऊन पुन्हा वर जायला लागलेला असतो आणि मग धपका ऐकू येतो. लहानपणापासून डोळा ते बघत आलेला आहे. उशिरा आलेल्या आवाजाची माणसाला सवय असते. आधी आलेला आवाज सृष्टीत कुठेच नसतो. हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे तो ऐकून न ऐकल्यासारखं करू लागला, आणि मी ते माझ्या विजयात धरलं. त्याच्या कामाला मी पाठीमागे ‘कारकुनी’ म्हणत असे. त्याचं काम कारकुनी नव्हतं. त्याच्या फिल्ममध्ये माणसं चालायची तेव्हा पाय आठवत नसत, माणसं आठवत.

तर चपलेकडे येते. मी मुलाचा मूळ आवाज लावला, फिल्टरविना. हेडफोन त्याच्या कानावर, मग माझ्या. तो म्हणाला, “आता आहे बघा.” मला धप ऐकू आलं. पुन्हा धप. अकरा वेळा धप. मला वाटलं, आज्जी त्याच्या मनात चालतेय, तिथला आवाज तो ऐकतोय. मी तसं बोलणार होते. इतक्यात त्यानं माझ्यापुढचा माउस घेतला आणि आवाजाचा आलेख उघडला. त्या आलेखात खालचे सूर खाली, वरचे वर, जिथे आवाज तिथे उजेड. खाली अकरा जाड, पसरट ठिपके होते. ते माझे धप. आणि एकाआड एक ठिपक्यानंतर, पाचेक फ्रेम अंतरानं, वरच्या अंगाला एक उभी बारीक रेघ, काडीसारखी, लखलखीत. ती मी रात्री कापून टाकली होती.

त्याच आठवड्यात कान तपासून घेतले. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, टुंई ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावरची रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत सरळ चालत आली आणि चार हजारापाशी उतरणीला लागली ती लागलीच. तपासणारी मुलगी म्हणाली, “वयाच्या मानानं ठीक आहे, मावशी.” माझं वय ६१. वरचे सूर आधी जातात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. ते जाताना माणसाला कळत नाही, कारण नसलेला आवाज कधी थांबला ते ऐकू येत नाही, हेही मीच शिकवते.

घरी येऊन पॅसेजमध्ये स्लीपर घालून चालले, फोन जमिनीवर ठेवून. एकदा भराभर, एकदा रमतगमत, एकदा उजवा गुडघा दुखतोय असं धरून. मग ते चित्रण फ्रेमफ्रेमनं सरकवलं आणि आलेखाशी ताडून पाहिलं. आणि मला खाली बसावं लागलं. चप्पल वाजते ती पाऊल पडताना नाही. पुढचं पाऊल पडतं तेव्हा होतो तो धप. त्यानंतर मागचा पाय उचलतो, अंगठ्याच्या पट्ट्याला लोंबणारा रबरी तळवा मागे राहतो आणि मग सुटून टाचेवर आपटतो. ते चट. तो मागच्या पायाचा आवाज आहे! पुढच्या पायाच्या एका फ्रेमसाठी मी जन्मभर भांडले. मागच्या पायाकडे कधी बघितलंच नाही. आपण सगळे रोज चपला घालून चालतो, आणि मी तर आवाजाची बाई.

आणि एकाआड एकच का? कारण आज्जीचा उजवा गुडघा वाकत नाही. उजवा पाय ती उचलत नाही, ओढते, त्यामुळे उजवी चप्पल टाचेला चिकटून फरफटत येते, सुटतच नाही. चट येतो फक्त डाव्या पायाचा. मुलाच्या चित्रांत उजवा पाय कधीच जमिनीपासून पुरता सुटत नव्हता. तो मी पाहिला होता आणि चित्र कच्चं आहे असं समजून त्याच्या वहीत लाल पेन्सिलीनं ‘पाय उचल’ असं लिहिलं होतं. आज्जीचं दुखणं त्या एका नसलेल्या आवाजात होतं. मी नसलेला ठेवला आणि असलेलाही काढून टाकला, मग दोन्ही पाय सारखे झाले आणि आज्जी बरी झाली.

यातलं सगळ्यात जड जातं ते वेगळंच. मुंबईच्या मिक्सिंग थिएटरांत माझ्या कानाचं नाव होतं. एकदा एका मोठ्या दिग्दर्शकासमोर मी म्हटलं, हा तबल्याचा बोल एक फ्रेम मागे आहे. सगळे नाही म्हणाले. मोजलं तर होता. तो प्रसंग मी इतक्या वेळा सांगितला आहे की शिकाऊ मुलं मला तो परत सांगतात. त्या दिवसावर मी वीस वर्षं जगले. आणि अलीकडे? गेल्या पाच-सहा वर्षांत दोघा-तिघांनी मला हळूच सांगितलं, बाई, संवादात ‘स’ आणि ‘श’ टोचताहेत. मी दर वेळी स्पीकरला दोष दिला, एकदा तर एका गुणी मुलीच्या रेकॉर्डिंगला. आता कळतं, मला ‘स’ कमी ऐकू येत होता म्हणून मी तो वाढवत होते. ते काम आता लोकांच्या घरी वाजतं आहे. त्या मुलीला मी फोन केलेला नाही. करणार आहे.

एकाच वर्गात ॲनिमेशन, संकलन आणि ध्वनी शिकवण्याच्या मी विरोधात होते. आमच्या वेळी चित्र काढणारा आवाजाच्या खोलीत पाय ठेवत नसे. ज्यानं त्यानं आपलं काम जन्मभर करावं, असं माझं मत. मुलं फोनवर चित्र काढतात, फोनवर कापतात, फोनवरच आवाज घालतात, याला मी शिक्षण मानत नव्हते. तयार आवाजांच्या साठ्यावर माझा राग आजही आहे. एकच दार दहा मालिकांत करकरतं, प्रत्येक नाव पडद्यावर येताना ‘हूश’ करतं, सगळी माणसं एकाच चपलेतून चालतात. पण हा मुलगा साठ्यात गेला नव्हता. त्यानं आज्जीकडे जाऊन आवाज आणला आणि चित्र त्या आवाजाच्या मापानं बेतलं. तिन्ही कामं एका हातात होती म्हणूनच ते जमलं. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’च्या वेळी पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नटाला कॅमेऱ्यासमोर खरंच गावं लागे, गळा आणि ओठ वेगळे काढायची सोयच नव्हती. आम्ही त्यांना पुढे वेगवेगळ्या पट्ट्यांवर घातलं आणि त्या फोडण्याला कसब म्हणू लागलो. मीही म्हणत आले.

नॉर्मन मॅक्लॅरनच्या फिल्म मी वर्गात दाखवायचे त्या गंमत म्हणून. फिल्मच्या कडेला ध्वनीची जी पट्टी असते, तिच्यावर तो माणूस आकार उमटवून सूर काढत असे. १९७१ च्या ‘सिंक्रोमी’त तर तेच आकार पडद्यावर दिसतात आणि तेच ऐकू येतात. मी मुलांना म्हणायचे, बघा, पण आवाज शेवटी कानानं करायचा असतो. आता मीच वरचे सूर डोळ्यांनी वाचते. आलेख उघडा ठेवते, उजेडाच्या काड्या शोधते आणि त्या कशाच्या आहेत ते शेजारी बसलेल्याला विचारते. “हे काय वाजतंय?” हा प्रश्न मी याआधी कामावर कुणालाही विचारला नव्हता.

आज्जीच्या फिल्मवर आम्ही परत बसलो. माझा फिल्टर काढला, माझी एक फ्रेम काढली, त्याचा आवाज होता तिथे नेला. तरी मला राहवेना. पाचव्या पावलाला चट मला आलेखावर अर्धी फ्रेम लवकर दिसत होता. मी म्हटलं, जरा मागे घेऊ या. त्यानं डोळे मिटून तीनदा ऐकलं आणि म्हणाला, “राहू द्या मॅडम, तिथे कळशी जड झाली म्हणून तिनं पाय लवकर उचलला.” कळशी रिकामी होती, नळाकडे चालली होती. मी ते बोलले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मग मला माहीत नाही. पण ती तशीच चालली.” राहू दिलं. बरोबर आहे की नाही हे मला ऐकून ठरवता येत नाही, आणि बघून पटत नाही.

शेवटच्या खेळाला श्रेयनामावलीत ‘ध्वनी’ या शब्दापुढे त्याच्या नावाखाली माझंही नाव होतं. त्यानं मला न विचारता घातलेलं. ते काढ, असं मी त्याला सांगायला हवं होतं. अंधारात पडद्यावर नाव आलं, मी वाचलं, आणि सांगितलं नाही.