बटणं दाबायला काय लागतं?

वाचण्यापूर्वी: तुम्हाला आवडणारा एखादा खेळ आठवा. त्यात नशीब किती आणि कौशल्य किती, असं तुम्हाला वाटतं?

मी सोळा वर्षांची आहे आणि न्यू जर्सीमध्ये एडिसनला राहते. आमच्या घरी एक वाद बरेच दिवस चालू होता. वादाचा विषय होता ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम. बाबा म्हणायचे, “हा खेळ म्हणजे नुसती बटणं बडवणं. त्यात कसलं आलंय कौशल्य?” माझं मत याच्या अगदी उलट होतं. हा वाद मला जिंकायचाच होता. आमच्या जवळ महिन्यातून एकदा या खेळाची स्पर्धा होते. मला तिथे जायचं होतं आणि मला अजून गाडी चालवता येत नाही. बाबांनी सांगून टाकलं होतं, “त्यात खरंच कौशल्य असेल, तरच मी तुला सोडायला येईन.”

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडंसं सांगते. पहिला स्मॅश 1999 मध्ये जपानमध्ये आला. तो मासाहिरो साकुराई यांनी तयार केला. यात मारिओ, पिकाचू अशी वेगवेगळ्या खेळांतली पात्रं एकमेकांशी लढतात. 2018 मध्ये आलेल्या ‘अल्टिमेट’मध्ये तर ऐंशीहून जास्त पात्रं आहेत. समोरच्याला मंचाबाहेर फेकायचं, हे मुख्य काम. मार बसला की तुमची टक्केवारी वाढते. टक्केवारी जितकी जास्त, तितके तुम्ही लांब उडता.

बाबा इंजिनिअर आहेत. एका रविवारी ते कागद-पेन घेऊन बसले आणि म्हणाले, “वाद पुरे. आपण मोजूया.”

पहिले दहा डाव आम्ही चौघं खेळलो: आई, बाबा, दादा आणि मी. सगळ्या वस्तू चालू ठेवल्या. म्हणजे मधूनच आकाशातून बाँब पडतो, कुणाच्या हातात मोठा हातोडा येतो, कुणाला पोकेबॉल मिळतो. मी चार डाव जिंकले, दादा तीन, बाबा दोन आणि आईने एक. आई तर मावशीशी फोनवर बोलत बोलत खेळत होती!

पुढचे दहा डाव स्पर्धेच्या नियमांनी झाले. फक्त बाबा आणि मी. वस्तू बंद, आणि मंच सपाट, ज्यावर अचानक काही घडत नाही. ते दहाही डाव मी जिंकले.

बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “खेळ एकच आहे, पण उत्तरं दोन आली.”

मला वाटतं, या वादाचं मूळ इथेच आहे. ज्यांनी हा खेळ वाढदिवसाच्या पार्टीत पाहिला, त्यांना त्यात नशीब दिसतं. ज्यांनी तो स्पर्धेत पाहिला, त्यांना कौशल्य दिसतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. नशीब किती ठेवायचं, ते नियम ठरवतात. 2008 मध्ये ‘ब्रॉल’ नावाचा स्मॅश आला. त्यात पळता पळता पात्र मधूनच, काही कारण नसताना, अडखळून पडायचं. घरी खेळणारे हसायचे. पण स्पर्धेतल्या खेळाडूंना ते मुळीच आवडलं नाही. त्यांच्यातले कितीतरी जण 2001 चा जुना ‘मेली’च खेळत राहिले. आजही मेलीच्या स्पर्धांना लोक जुने, जड, काचेचे टीव्ही उचलून आणतात, कारण त्यांवर बटण दाबल्यावर चित्र हलायला उशीर होत नाही.

असा प्रश्न फक्त व्हिडिओ गेमबद्दल पडतो असं नाही. कोल्हापूरचे माझे आजोबा रोज संध्याकाळी मित्रांबरोबर रमी खेळतात. रमी म्हणजे जुगार की कौशल्य, हा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1968 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. हातात पानं कोणती येतील, ते नशीब. पण कोणती पानं पडून गेली ते लक्षात ठेवणं, कोणतं पान ठेवायचं आणि कोणतं टाकायचं ते ठरवणं, हे कौशल्य.

मग स्मॅशमध्ये नशीब बाजूला काढलं, तर उरतं काय?

एक म्हणजे हाताचं काम. या खेळात पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. मेलीमध्ये उडी मारून वार केला, की जमिनीवर उतरताना पात्र क्षणभर अडकतं. पण उतरण्याआधीच्या सात चित्रांच्या आत ठरावीक बटण दाबलं, तर तो वेळ निम्मा होतो. सात चित्रं म्हणजे सेकंदाचा आठवा-नववा भाग! एकदा जमेल कुणालाही. पण सामन्यात ते पुन्हा पुन्हा जमायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

दुसरं म्हणजे डोक्याचं काम. ढाल वार अडवते. पकड ढालीवर भारी पडते. आणि पकडायला येणाऱ्याला वार आधी लागतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. समोरचा आता काय करेल, हे ओळखावंच लागतं.

आजोबांना व्हिडिओ कॉलवर मी हे सगळं सांगितलं. ते तरुणपणी तालमीत जायचे आणि खासबाग मैदानातल्या कुस्त्या बघायला कधी चुकायचे नाहीत. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “पोरी, समोरच्याचा डाव तुला आधी कळतो का?”

मी म्हटलं, “कधी कधी कळतो, आजोबा.”

“आणि त्या डावाला तोड असते का?”

“प्रत्येक डावाला असते.”

“मग ही कुस्तीच की गं!” ते म्हणाले. “फक्त अंगाला माती लागत नाही.”

मी त्यांना 2004 चा एक प्रसिद्ध सामना दाखवला. तो ‘स्ट्रीट फायटर’ या दुसऱ्या लढाईच्या खेळाचा होता. कॅलिफोर्नियात एव्हो नावाची मोठी स्पर्धा चालू होती. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या पात्रात जेमतेम जीव उरला होता. नुसता बचाव केला असता, तरी तो हरला असता. जस्टिनने एकापाठोपाठ पंधरा फटक्यांचा हल्ला केला. दाइगोने प्रत्येक फटक्याच्या नेमक्या क्षणी मागे न जाता पुढे काठी दाबली आणि पंधराही फटके परतवले. मग उलटा वार करून तो डाव जिंकला. आजोबांनी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला.

कौशल्य आहे की नाही, यावर कधी कधी माणसाचं बरंच काही अवलंबून असतं. लेफेन नावाचा स्वीडनचा खेळाडू मेलीत जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. पण 2015 आणि 2016 मध्ये अमेरिकेत खेळायला येताना त्याला व्हिसाची अडचण आली. खेळाडूंसाठी जो व्हिसा असतो, तो स्मॅश खेळणाऱ्याला द्यायचा का? स्मॅश हा ‘खरा’ खेळ आहे का? लोकांनी त्याच्यासाठी व्हाइट हाऊसकडे ऑनलाइन अर्ज केला. पुढे त्याला व्हिसा मिळाला, आणि 2018 मध्ये लास व्हेगासला एव्होची मेली स्पर्धा त्यानेच जिंकली. व्हिसाची गोष्ट ऐकून बाबा एकदम गंभीर झाले. व्हिसाची वाट बघणं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं माहीत आहे.

शेवटी बाबांनी गाडी काढली. स्पर्धेत एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने कॉलेजमधल्या एका उंच मुलाला हरवलं. हरलेल्याने त्याला विचारलं, “मी उडी मारणार, हे तुला कसं कळलं?” तो छोटा म्हणाला, “ढाल सोडली की तू दर वेळी उडीच मारतोस.” बाबा माझ्या शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी खिशातून कागद काढला आणि त्यावर काहीतरी लिहिलं.

आईचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती म्हणते, “कौशल्य आहे, मान्य. पण दिवसाचे किती तास त्याला द्यायचे?” हा प्रश्न योग्यच आहे. पण तो बुद्धिबळाला आणि व्हायोलिनलाही विचारता येतो. आमच्या घरी सध्या ठरलंय ते असं: शनिवारी दोन तास, महिन्यातून एक स्पर्धा, आणि त्याआधी मराठीचा गृहपाठ पूर्ण.

तुमच्या घरीही असा वाद होत असेल, तर बाबांचा प्रयोग करून बघा. दहा डाव नशिबाचे, दहा डाव नियमांचे. आकडे कागदावर लिहा आणि मग भांडा!

शब्दार्थ

- बडवणं – जोरजोरात मारणं
- तालीम – कुस्ती शिकण्याची जागा
- डाव – खेळाची एक फेरी. कुस्तीत, समोरच्याला पाडण्याची युक्ती
- तोड – डावावरचा उपाय
- जेमतेम – अगदी थोडा
- परतवणं – आलेला वार मागे फिरवणं

विचार करा आणि बोला

1. बाबा म्हणाले, “खेळ एकच आहे, पण उत्तरं दोन आली.” याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
2. आजोबांना हा खेळ कुस्तीसारखा का वाटला?
3. आईच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? पाच वाक्यं लिहा.