मेहरूण ते असीरगड : गवताच्या वाटेने

जळगाव शहर वाढत वाढत मेहरूणच्या पार पुढे गेलं, तरी तलाव तेवढा मोकळा राहिला आहे. सकाळी काठाने फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते आणि हिवाळ्यात मेहरूणची बोरं विकायला येतात. खानदेशात बोरांचं नाव निघालं की मेहरूणचं नाव निघतंच. तलाव मागे टाकून शिरसोलीच्या बाजूला निघालं, की वस्ती विरळ होते आणि कपाशीची शेतं सुरू होतात. जानेवारीत शेवटची वेचणी उरकलेली असते. उभ्या पऱ्हाट्यांवर थोडी हिरवी पानं, कुठे न उमललेली कैरी, बांधाला वाळकं गवत. आपल्याला हे संपलेलं शेत दिसतं. ज्याच्या मागे पन्नास ढोरं आहेत त्याला ते भरलेलं ताट दिसतं.

अशाच एका शेतात काठेवाड्यांच्या गायी चरत होत्या. फुगीर कपाळ, पानासारखे लोंबते कान, मागे वळून पुन्हा पुढे येणारी शिंगं. गीर गाय एकदा पाहिली की विसरत नाही. सौराष्ट्रात दुष्काळ पडला की तिकडचे पशुपालक तापीच्या खोऱ्यात उतरत. त्यांतली कित्येक कुटुंबं मग इकडचीच झाली. पुरुषांचे पांढरे कपडे, बायकांची काळी वस्त्रं, बोलणं गुजराती वळणाचं, पण भावाची घासाघीस चोख खानदेशी. शेताच्या कडेला त्यांचा वाडा पडला होता: दोन-तीन बाजा, दुधाच्या कॅन, एक मोटारसायकल, वासरांसाठी काट्यांचं कुंपण. पहाटेचं दूध केव्हाच शहरातल्या डेअऱ्यांना गेलं होतं.

वाड्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी बाज पुढे केली आणि चहा ठेवायला सांगितलं. शेतमालकाशी काय ठरलंय, असं विचारलं तर म्हणाले, “ठरायचं काय भाऊ? ढोरं चरतील, रातच्याला इथंच बसतील. खत त्याचं, चारा माझा.” पुढे कुठे, याचं उत्तर मात्र त्यांनी सविस्तर दिलं. कोणत्या शिवारात हरभरा आहे म्हणून जाता येणार नाही, कुठे कपाशी उपटून लगेच नांगर घालतात, कोणत्या नाल्याला फाल्गुनापर्यंत पाणी टिकतं, कोणत्या गावचा पोलीस पाटील भला आहे. हा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात होता आणि दर पंधरा दिवसांनी तो बदलत होता. गुरं राखणं म्हणजे काठी घेऊन झाडाखाली बसणं, अशी समजूत बाळगणाऱ्याने एखादी सकाळ अशा बाबांजवळ बसावं.

अर्जेंटिनाच्या पंपास नावाच्या अफाट गवताळ मैदानावरच्या गाऊचोंविषयी मी बरंच वाचलं होतं. स्पॅनिश आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या मिश्र वंशातले हे घोडेस्वार गुराखी. कमरेला मागच्या बाजूला लांब सुरा, हातात दोरांना गोटे बांधलेली बोलेआदोरा, जी भिरकावली की पळत्या जनावराच्या पायांना विळखा बसे. खोगिराचे थर रात्री जमिनीवर पसरले की तेच अंथरूण. भोपळ्याच्या तुंबीतून ‘माते’ नावाचा कडवट काढा पिणं आणि गिटारीवर सवाल-जवाब करत गाणं, ही त्यांची संध्याकाळ. आपल्याकडचा गुराखी घोड्यावर बसत नाही, आणि गाऊचो कातड्यासाठी व मांसासाठी गुरं पाळी, दुधासाठी नव्हे. तरीही मेहरूणच्या त्या बाजेवर बसून मला पंपास आठवत राहिला. ‘आमची जमीन कुठं आहे, आमचं गवत आहे,’ असं बाबा म्हणाले, ते गाऊचोनेही म्हटलं असतं.

मला तिथून असीरगडला जायचं होतं. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं, पण ह्या वाटेखाली गुराख्यांचा फार जुना इतिहास पडला आहे. खानदेशची अहिराणी बोली ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अहीर म्हणजे प्राचीन आभीर. गुरांच्या खिल्लारांसह फिरणारे हे लोक तिसऱ्या शतकात सातवाहनांच्या पडत्या काळात राजे झाले. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिवदत्ताचा मुलगा राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातला शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळावं अशी व्यवस्था केली, एवढंच त्यात सांगितलं आहे. गुराखी राजाच्या काळातला आपल्या हाती असलेला सर्वांत बोलका पुरावा हा लढाईचा नाही, औषधपाण्याचा आहे. इसवी सन 248-249 पासून सुरू होणारी एक कालगणनाही आभीरांच्या नावावर आहे. ती पुढे कलचुरींनी चालवली. देवगिरीच्या यादवांनाही लोकांच्या तोंडी ‘गवळी राजे’ म्हणत, आणि खानदेशात एखादं जुनं दगडी देऊळ दिसलं की ते गवळी राज्यातलं, असं म्हातारी माणसं अजून सांगतात.

भुसावळ आलं की रेल्वेचे रूळच रूळ. 1860 च्या दशकात ही लोहवाट खानदेशात शिरली आणि बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणाऱ्या लमाणांच्या तांड्यांचा धंदा बसत गेला. मुघलांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांच्या फौजांना ह्याच तांड्यांनी दाणा पुरवला होता. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशातली पडीक गवताळ जमीन झपाट्याने नांगराखाली गेली.

त्यानंतरच्या दहा वर्षांविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं ढोर कोंडवाड्यात आणि मालकाला दंड. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तरेत लागू होता, पुढे 1911 नंतर इतरत्र पसरला आणि एका जागी न राहणारी माणसं जन्मतःच संशयित ठरली. 1878 साली वनकायदा आला आणि सातपुड्याची कुरणं राखीव जंगलात गेली. चराऊ रानं जंगलखात्याने गिळल्याची तक्रार महात्मा फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली आहे.

आता साधारण तोच काळ पंपासवर. 1865 च्या ब्युनोस आयर्स प्रांताच्या ग्रामीण कायद्याने ज्याच्याजवळ मालकाने दिलेला कामाचा दाखला नाही तो भटक्या ठरू लागला. त्याला पकडून सरहद्दीवरच्या किल्ल्यांवर शिपाई म्हणून धाडत. मैदानावर तारांची कुंपणं पडत गेली आणि मोकळं गवत कुणाच्या तरी मालकीचं झालं. होसे एर्नांदेस याचं ‘मार्तीन फिएरो’ हे दीर्घकाव्य 1872 मध्ये छापलं गेलं. त्यात असाच एक गाऊचो जबरदस्तीने फौजेत ओढला जातो, पळून येतो तेव्हा घर मोडलेलं असतं. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय काव्य मानतात आणि दर 6 डिसेंबरला गाऊचोचा दिवस पाळतात. गुराख्याचं गवत काढून घ्यायचं आणि मग त्याची गाणी गायची, असं तिथे झालं. आपण गाणीसुद्धा नीट गोळा केली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ह्या दोन मुलुखांमध्ये अख्खा महासागर होता, कुणी कुणाचं पाहून कायदे केले नव्हते. पण महसूल मोजणाऱ्या प्रत्येक सरकारला चालता माणूस खुपतो, तोच तिथे खुपला आणि इथेही.

तापी ओलांडून सावद्याला गेलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. सावद्याचा गुरांचा बाजार जुना आणि मोठा. इकडच्या गुरांच्या बाजारांत दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. चेहरे निर्विकार, बोटं बोलतात. बैलाचे दात, खूर, शेपटीचा गोंडा, चालताना मागचा पाय कुठे पडतो, हे बघणारी नजर इथे अजून आहे. ट्रॅक्टरने बैलांची संख्या कमी केली असली तरी खिल्लार जोडी उतरली की माणसं भोवती जमतात. खिल्लाराचे जे प्रकार सांगतात त्यांत तापी खिल्लार हा खानदेशचा, आणि तो जोपासला ठेलाऱ्यांनी. गायी आणि मेंढ्या घेऊन हिंडणारी ही धुळे जिल्ह्यातली, विशेषतः साक्रीकडची जमात. शेतकऱ्याला पोळ्याला मिरवायला बैल मिळाला तो ह्या फिरस्त्यांच्या पैदाशीतून. गावात त्यांना मान मात्र त्या बैलाइतकाही मिळाला नाही.

रावेर, बऱ्हाणपूर मागे पडलं आणि सातपुड्याच्या खिंडीवर असीरगड उभा ठाकला. असीरगड, कमरगड, मलयगड असे एकावर एक तीन टप्पे. दक्षिणेत उतरायची वाट ह्याच्या पायाशी. 1601 च्या जानेवारीत गड अकबराच्या हाती आला, 1819 मध्ये इंग्रजांच्या. पण मला गडाच्या नावातला माणूस बघायचा होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हा गड आसा अहीर नावाच्या गवळ्याचा. पाच हजार गायी, पाच हजार म्हशी, वीस हजार मेंढ्या आणि हजार घोड्या एवढं त्याचं धन. खानदेशात मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याच्या कोठारांत धान्य होतं, आणि बायकोच्या सांगण्यावरून त्याने ते लोकांना वाटलं. त्याच काळात त्याने गडाचं पक्कं बांधकाम काढलं, म्हणजे हातांना काम आणि पोटाला भाकर. खानदेशच्या फारुकी राजघराण्यातल्या नासिर खानाने शत्रूंच्या भीतीचं निमित्त करून आपल्या बायकामुलांना गडावर आसरा मागितला. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांमधून खरोखर बायका आल्या, आसाच्या घरच्यांनी त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांत हत्यारबंद शिपाई होते. सामोरे गेलेले आसा आणि त्याचे मुलगे तिथेच मारले गेले. ही पंधराव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट.

तटावर उभं राहिल्यावर एका बाजूला निमाड, दुसऱ्या बाजूला तापीचं खोरं दिसतं. एवढ्या कळपांना चारा-पाणी पुरवायचं तर दोन्हीकडचं गवत हाताशी हवं. आसाने ही टेकडी राखली त्यात युद्धशास्त्राइतकंच गुराख्याचं शहाणपण होतं, असं मला तिथे ठामपणे वाटलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क कागदावर मान्य केला आहे. तो दाव्यांच्या फायलींतून निघून ह्या उतारांवर आला पाहिजे, आणि लवकर आला पाहिजे.

परतताना रावेरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक ठेलारी कुटुंब चाललं होतं. पुढे मेंढ्या, मागे तट्टांवर उलट्या बाजा, भांडी, एका पोत्यावर बांधलेली कोंबडी आणि तिच्या शेजारी लहानगी पोर. कारभारी माझ्याशी थेट कामाचं बोलले.

“कथाईन ई राहिनात भाऊ?”

बऱ्हाणपूरकडून, असं मी म्हटलं.

“तठे चारा शे का? पानी?”

खिंडीच्या अलीकडे नाल्याला पाणी होतं, डाव्या हाताला तूर कापलेलं मोठं रान होतं, पण पलीकडे गहू उभा होता, हे मी जमेल तेवढं नेमकं सांगितलं. पाणी वाहतं की साचलेलं? तूर कापून किती दिवस झाले असतील? पाला खाली पडलाय की उचलून नेला? दोन प्रश्नांची उत्तरं मला देता आली, तिसऱ्याचं नाही. कारभाऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला, पुढे गेलेल्या भावाला फोन लावला आणि तुरीच्या रानाचा मालक कोण ते विचारायला सांगितलं.