माउस कोणाच्या हातात

कोयनेच्या खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. गाइडचं पथक माझ्याकडे आहे आणि शाळेत संगणक आले तेव्हापासून संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. या तिन्ही कामांत मी ज्या चुका केल्या, त्यांतल्या बऱ्याच एकाच जातीच्या होत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्यांचा भुर्दंड माझ्या विद्यार्थ्यांनी भरला, त्यातही मुलींनी जास्त. म्हणून हे लिहिते आहे.

माध्यमिक शाळांपर्यंत संगणक पोचवायची केंद्राची योजना 2004 सालची. आमच्या शाळेत यंत्रं यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्यांच्याबरोबर ठेकेदाराचा एक निदेशक आला होता. करार संपला तसा तो गेला आणि सगळं सामान डेड स्टॉक रजिस्टरला माझ्या सहीने चढलं. त्या सहीचं मी फार दडपण घेतलं. तपासणीत एखादा माउस कमी भरला तर, मुलांनी काही दाबलं आणि यंत्र बंद पडलं तर, तालुक्याहून दुरुस्तीला कोण येणार? यंत्रांवर कापडी कव्हरं चढली, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. कव्हरं निघायची ती साहेब तपासणीला येणार असले की.

संगणकाचा तास मात्र कधी बुडाला नाही. तो मी वर्गात, फळ्यावर घेत होते. इनपुट साधने कोणती, आउटपुट साधने कोणती, रॅम आणि रॉममधला फरक लिहा. मुलांनी वहीत कीबोर्डची सुबक चित्रं काढली, व्याख्या पाठ केल्या आणि मी त्यांना भरभरून गुण दिले. सर्वात सुरेख आकृती काढणाऱ्या मुलाला एकदा कसल्याशा निमित्ताने यंत्रासमोर बसवलं, तेव्हा त्याने माउस हवेत उचलला आणि पडद्याच्या दिशेने धरला. माउस टेबलावर फिरवायचा असतो हे माझ्या कोणत्याच प्रश्नोत्तरात नव्हतं. तो गोंधळला होता आणि मी त्याच्यावरच खेकसले, ‘‘शिकवलंय ना सगळं?’’

याच काळात मैदानावर मी अगदी वेगळ्या पद्धतीने शिकवत होते, याचं मला आज राहून राहून आश्चर्य वाटतं. रीफ नॉट मी कधीही फळ्यावर शिकवली नाही. प्रत्येकीच्या हातात दोरी द्यायची, चुकली की सोडायला लावायची, पुन्हा बांधायला लावायची. बिनभांड्याच्या स्वयंपाकात कणकेचा गोळा निखाऱ्यात जळला तरी मी मधे पडत नसे, पुढचा गोळा ती बरोबर भाजायचीच. स्काउटिंगची सगळी मांडणीच त्यावर उभी आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा 20 मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येक संघाचा कारभार त्यातल्याच एका मुलाकडे सोपवला होता. आमच्याकडेही तीच रीत आहे. आज मोगरा संघाकडे चूल, जाई संघाकडे पाणी, उद्या उलट. संघातही आज जिने भांडी घासली तिच्याकडे उद्या झेंड्याचं काम. हे मी नव्या गाइड कॅप्टनना समजावून सांगत असे. मैदान ओलांडून कक्षाच्या दाराशी आले की माझ्या हातून यातलं काहीच होत नसे, कारण दोरी तुटली तर कोणी सही मागणार नव्हतं.

पुढे एका प्रशिक्षणात स्क्रॅच पाहिलं आणि कुलूप निघालं. स्क्रॅच हे मुलांसाठी केलेलं प्रोग्रॅमिंगचं साधन, अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, फुकट आणि इंटरनेटशिवायही चालणारं. आज्ञा लिहायच्या नसतात, रंगीत ठोकळे ओढून एकमेकांना जोडायचे असतात. पडद्यावरची मांजर त्या ठोकळ्यांप्रमाणे चालते, वळते आणि पेन खाली ठेवायला सांगितलं तर मागे रेघ सोडत जाते. मला त्यात भूमिती दिसली. मी इतकी हरखले की त्या हिवाळ्यात स्काउट-गाइडचं निवासी शिबिर शाळेतच घ्यायचं ठरवलं. सकाळी कवायत, गाठी, नकाशा आणि होकायंत्र. दुपारी मुलं-मुली एकत्र, संगणक कक्षात.

यंत्रं थोडी, मुलं जास्त. एकेका यंत्रावर तिघं बसवली, तीही मुद्दाम मिसळून, दोन मुलगे एक मुलगी किंवा उलट. कोणी माउस धरायचा, कोणी सांगायचं, कोणी लिहायचं, हे मी ठरवून दिलं नाही. ते आपोआप ठरलं. जवळजवळ प्रत्येक यंत्रावर माउस मुलाकडे आणि वही मुलीकडे. मला हे दिसत होतं. दिसत असूनही खटकलं नाही. उलट मुलींचं अक्षर चांगलं, नोंदी नीट होतील, असं मी शेजारच्या सरांना म्हटल्याचं आठवतं.

दुसऱ्या दुपारी समभुज त्रिकोण काढायला दिला. चौरस सगळ्यांना जमला होता. 100 पावलं चाल, 90 अंशांतून वळ, हे चार वेळा. त्रिकोणाला मुलं म्हणाली, कोन 60 चा, म्हणून 60 अंशांतून वळ, तीन वेळा. मांजर चालली, पण आकृती बंदच होईना. तीन रेघा आणि मोठं तोंड उघडं. एका गटातल्या मुलाने तीनच्या जागी सहा केले आणि षटकोन तयार झाला. तो ओरडला, ‘‘मॅडम, षटकोन!’’ मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. षटकोन का आला हे त्याला विचारलं नाही, त्रिकोणाचं काय झालं हेही नाही. चहाची वेळ झाली होती. रात्री शेकोटीजवळ मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं.

त्याच रात्री उत्तम नोंदवहीचं बक्षीस काढायला वह्या तपासत बसले. त्याच गटातल्या मुलीच्या वहीत, पानाच्या कोपऱ्यात, एक लहानसा त्रिकोण होता. त्याची एक बाजू तिने पुढे वाढवली होती आणि बाहेरच्या कोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 180 − 60 = 120. मांजर बाजूच्या शेवटाला पोचते तेव्हा तिचं तोंड सरळ पुढे असतं, म्हणजे तिने वळायचा कोन त्रिकोणाच्या आतला नाही, बाहेरचा. बाह्यकोन मी वर्गात कितीदा शिकवला असेन. तो पायाने चालून वळायचा कोन आहे हे त्या मुलीला माझ्या मदतीशिवाय उमगलं होतं आणि ते वहीच्या कोपऱ्यात पडून होतं.

सकाळी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘हे काल सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगितलं होतं, मॅडम. तो म्हणाला, त्रिकोणाला साठच असतो.’’

दुपारी मी तिला सगळ्यांसमोर यंत्रावर बसवलं. चूक दुरुस्त करायला निघाले होते आणि तिथेच त्याहून मोठी चूक केली. उत्तर तिच्याकडे होतं, पण माउसवर तिचा हात जवळजवळ पहिल्यांदाच पडत होता. ठोकळा ओढताना बटण सुटायचं आणि तो भलतीकडेच पडायचा. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मागून कुजबुज सुरू झाली. शेजारच्या मुलाचा हात माउसकडे गेला, तो मी झटकला आणि माउस माझ्या हातात घेतला. ‘‘थांब, मी लावते,’’ म्हणाले. ठोकळा बसवला, 120 टंकले, त्रिकोण झाला, टाळ्या झाल्या. तिने उठून जागा रिकामी करून दिली. मी तिच्याकडे पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी पडद्याकडे पाहत होते.

निखाऱ्यातला कणकेचा गोळा जळू देणारी मीच. तिला ठोकळा आणखी चार वेळा पाडू दिला असता तर काय बिघडलं असतं? वेळापत्रक दहा मिनिटं पुढे सरकलं असतं. शिबिराच्या समारोपाला कोणी पाहुणा येणार होता, त्याला पडद्यावर आकृत्या दाखवायच्या होत्या. मुलांपेक्षा त्या आकृत्यांची मला जास्त घाई होती. समारोपाआधी फायली एकत्र केल्या तेव्हा त्यांना दिलेली नावं वाचली. जवळपास सगळी मुलग्यांची. पुढच्या सत्रात त्या मुलीने संगणकाऐवजी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तासाला बसण्याची परवानगी मागितली आणि मी ती दिली.

मग 2020 आलं. शाळा बंद झाल्या आणि मी मोठ्या उत्साहाने ऑनलाइन तास सुरू केले. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड होते, दीक्षा ॲप होतं, तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून माझं नाव झालं होतं. दहावीच्या वर्गाला मी दर आठवड्याला गुगल फॉर्मवर चाचणी द्यायचे. सकाळी अकराला फॉर्म उघडायचा, बाराला बंद. जो भरणार नाही तो गैरहजर. गैरहजेरीची यादी वर्गाच्या ग्रुपवर नावानिशी टाकायचे, म्हणजे पालक लक्ष देतील असा हिशोब. यादीत मुलींची नावं जास्त असायची. घरकामाला जुंपलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एक दिवस एका मुलीच्या आईचा फोन आला, रात्री. आवाज शांत होता. घरात एकच फोन, तो घेऊन वडील सकाळीच कामावर जातात. संध्याकाळी आले की आधी थोरल्या भावाचं कॉलेजचं काम, मग हिचा नंबर. त्यातून घरात रेंज नाही, सड्यावर जावं लागतं, आणि काळोख पडल्यावर पोरीला सड्यावर कशी पाठवू? ‘‘ती रोज वहीत सोडवून ठेवते, मॅडम. तुम्ही गैरहजर लिहिता तेवढं लिहू नका.’’

मला उत्तर सुचलं नाही. पुन्हा वही मुलीकडे होती आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात. या वेळी ती वही माझ्यापर्यंत पोचत नव्हती आणि मी तिच्यापुढे शून्य मांडत होते. ते शून्य कागदावरचं राहणार नव्हतं. 2021 ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल नववीचे 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरेंचे 20 असा लावायचं ठरलं. आईचा फोन आला नसता तर माझ्या अकरा ते बाराच्या फॉर्मने किती जणींचे गुण कापले असते, हे आजही मोजवत नाही. मी याद्या टाकणं बंद केलं आणि आधी टाकलेल्या याद्यांबद्दल ग्रुपवर सगळ्यांची माफी मागितली. वाड्यांवर जाऊन वह्या गोळा केल्या, त्या तपासून गुण भरले. काही वह्यांत उत्तरांबरोबर तारखाही लिहिलेल्या होत्या, आठवड्यामागून आठवडे. एकही चाचणी चुकलेली नव्हती.

आता कक्षाची किल्ली आठवीपासून दहावीपर्यंतच्या संघनायकांकडे आळीपाळीने असते. डेड स्टॉकला सही अजून माझीच आहे. काही माउस बिघडले, ते मी निर्लेखनाच्या यादीत रीतसर दाखवले. कोणी पगारातून कापून घेतले नाहीत. शिबिरात दर पंधरा मिनिटांनी शिट्टी होते आणि माउस, वही, सांगणं ही तिन्ही कामं गटात फिरतात. कोणाचा ठोकळा पडत असला तर मी हात मागे बांधून उभी राहते. हे अजून जड जातं, विशेषतः शेवटच्या दिवशी.

कक्षाबाहेर एक वही टांगली आहे. यंत्रावर कोण बसलं, किती वेळ बसलं, हे मुलंच तीत लिहितात. परवा ती चाळताना दिसलं की नववी ‘ब’च्या सात-आठ मुलींची नावं जुलैपासून एकदाही आलेली नाहीत. त्यांचा संगणकाचा तास शनिवारी शेवटचा आहे आणि लांबच्या वाड्यांवर जाणारी एसटी त्याआधीच सुटते. त्या तासाला वर्ग अर्धा रिकामा असतो हे मला ठाऊक होतं. कोण नसतं हे मी पाहिलं नव्हतं. पर्यवेक्षकांशी बोलले आहे. बुधवारचा गणिताचा माझा एक तास मी शनिवारी घ्यायला तयार आहे, पण मग त्या मुलींचं गणित बुडेल, तेव्हा अदलाबदल दुसऱ्या कोणत्या विषयाशी करायची यावर सोमवारी बसायचं आहे. सोबत त्या मुलींपैकी दोघींना बोलावलं आहे, कारण एसटीच्या वेळा त्यांनाच नक्की माहीत आहेत.